दीडशे कोटींचं स्टीलचं घड्याळ आणि बाबांची रंगवलेली तबकडी

चावीवाला

घड्याळांवरचा धागा इथे बऱ्याच दिवसांत आला नाही, म्हणून हा काढतोय. लांबलाय, चहा घेऊन बसा.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावगृहाच्या लिलावात पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ नंबरचं एक स्टीलचं मनगटी घड्याळ १ कोटी ४१ लाख ९० हजार स्विस फ्रँकला गेलं. आपल्या पैशात दीडशे कोटींच्या वर. घरात सांगितलं तर बायकोचा पहिला प्रश्न, "हिरे किती होते?" एकही नाही. सोनंही नाही. डब्याचं असतं तसलं स्टील.

गंमत त्या स्टीलचीच आहे. १५१८ हे मॉडेल १९४१ मध्ये आलं. तारीख, वार, महिना, चंद्राच्या कला आणि वर स्टॉपवॉच. लीप वर्ष आलं तरी तारीख हातानं पुढे ढकलावी लागत नाही. एकूण २८१ घड्याळं बनली आणि जवळपास सगळी सोन्याची. स्टीलची आजवर चारच ठाऊक आहेत. त्यामुळे सोन्याचं स्वस्त आणि स्टीलचं महाग असा उलटा न्याय. आपल्या सराफाला पटवून दाखवा!

आता मूळ मुद्दा. बाबांकडे फाव्र-ल्यूबाचं सी किंग होतं, चावीचं. पहिल्या पगारातून नाही (सगळ्यांच्याच बाबांचं पहिल्या पगारातलं कसं असतं कोण जाणे), लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. रोज सकाळी दाढी झाली की चावी द्यायचे. तबकडी पिवळट पडली होती, बाराच्या आकड्याशी एक डाग होता आणि काट्यांवरचा चमकणारा माल काळा पडून झडला होता. ते गेल्यानंतर २००८ मध्ये मी ते आमच्या पेठेतल्या एका घड्याळजींकडे दिलं. आठवड्यानं आणायला गेलो तर नवंकोरं. निळी तबकडी, पांढरे आकडे, केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या डबीला, आरशासारखं पॉलिश. इतका खूष झालो की सांगितल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन आलो.

दोन वर्षांपूर्वी घड्याळं जमवणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी ते भिंगाखाली धरलं. अर्धा मिनिट पाहिलं, परत माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "मशीन छान आहे हो." बस्स. पुढे काही बोलले नाहीत आणि मला सगळं कळलं.

तेव्हापासून लिलावांच्या बातम्या वाचायला लागलो आणि माझं असं मत झालंय की या बाजारात घड्याळ विकलं जातच नाही. कोणी हात लावला नाही, ही गोष्ट विकली जाते. तिकडे ऊन खाऊन तपकिरी झालेल्या काळ्या तबकडीला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि तिला जास्त पैसे मोजतात. आमच्याकडे तो डाग होता. आम्ही तो पुसायला पैसे दिले.

तुम्हाला काय वाटतं? हे दर खरे आहेत की फुगा?

काटेकोर

चांगला धागा. एक पुरवणी. तो ३ कोटी १० लाख फ्रँकचा आकडा व्हॉट्सअॅपवर 'जगातलं सर्वात महाग जुनं घड्याळ' म्हणून फिरतो ना, ते जुनं नव्हे. ते पाटेकचं ग्रँडमास्टर चाइम, २०१९ मध्ये 'ओन्ली वॉच' या धर्मादाय लिलावासाठी मुद्दाम केलेलं एकुलतं एक. दान आणि बाजार एका ताजव्यात घालू नये.

जुन्या मनगटी घड्याळांत बोलायचं तर हॉलिवूडचा नट पॉल न्यूमन याच्या स्वतःच्या रोलेक्स डेटोनाचं नाव घ्यावंच लागतं. २६ ऑक्टोबर २०१७, न्यूयॉर्क, १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर. त्या वेळचे साधारण ११५ कोटी रुपये. फोनवरची पहिलीच बोली १ कोटी डॉलरची होती. लोक खुर्चीत नीट बसलेही नसतील.

पण नवख्या लोकांनी एक लक्षात घ्यावं, हातोडा पडला, म्हणजे शेवटची बोली लागली, १ कोटी ५५ लाखांवर. वरचे २२ लाख म्हणजे लिलावगृहाचा हिस्सा, खरेदीदारानं भरायचा. बातमीत नेहमी मोठा आकडा छापतात.

निवांत_पेठकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. :)

शून्य_शिल्लक

चावीवाला राव, भावनेचा भाग बाजूला ठेवून हिशोब करू. ज्या १५१८ बद्दल तुम्ही लिहिलंय तेच घड्याळ नोव्हेंबर २०१६ मध्ये फिलिप्सनेच १ कोटी १० लाख २ हजार फ्रँकला विकलं होतं. नऊ वर्षांत १ कोटी १० वरून १ कोटी ४२. वर्षाला तीन टक्क्यांहूनही कमी. आणि काटेकोर म्हणतात तसं त्या वरच्या आकड्यात लिलावगृहाचा वाटा आहे, म्हणजे विकणाऱ्याच्या खिशात त्याहून कमी. मधली नऊ वर्षं विमा आणि तिजोरी वेगळीच. आमच्या सोसायटीतल्या आजींची पोस्टातली ठेव याहून बरी.

काटेकोर

@शून्य_शिल्लक, फ्रँकमध्ये बरोबर. पण रुपयात मोजा. तेव्हा फ्रँक ६८ च्या आसपास होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये ११० च्या. ७५ कोटींचे १५६ कोटी झाले. साडेआठ टक्के पडतात.

शून्य_शिल्लक

म्हणजे कमाई घड्याळानं नाही केली, फ्रँकनं केली. माझाच मुद्दा झाला की. नुसते फ्रँक गादीखाली ठेवले असते तरी अर्ध्याहून जास्त काम झालं असतं, चावी द्यायची कटकट नाही.

मोडीवाचक

एकाच घड्याळावरून बाजार जोखू नका. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई याचं रोलेक्स घ्या. मॉडेल ६०६२, सोन्याचं, काळी तबकडी, आकड्यांच्या जागी हिरे. १९५४ मध्ये जिनिव्हा परिषद चालू असताना त्यानं तिथेच विकत घेतलं. देशाची फाळणी होत होती आणि हे साहेब घड्याळाच्या दुकानात! २००२ मध्ये ते सव्वादोन लाख डॉलरच्या थोडं वर गेलं. २०१७ मध्ये त्याच घड्याळाला ५० लाख ६६ हजार फ्रँक आले. पंधरा वर्षांत वीसपटीहून जास्त. तुमच्या आजींना सांगा.

यात घड्याळाचा गुण किती आणि सम्राटाचा किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर सत्तर टक्के सम्राट.

आणि आपल्याकडचं उदाहरण विसरलात. मार्च २००९, न्यूयॉर्क, अँटिकोरमचा लिलाव. गांधीजींचं झेनिथचं घड्याळ, चष्मा, चपला, ताट-वाटी, सगळं मिळून १८ लाख डॉलर. विजय मल्ल्यांनी घेतलं. ते मनगटी नव्हे, कमरेला लटकवायचं, पण भाव कशाचा आला ते सांगायला नकोच. तेच झेनिथ माझ्या आजोबांचं असतं तर जुन्या बाजारात दोन हजाराला कोणी घेतलं नसतं.

रेणुका_जि

मी जिनिव्हात राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे मे आणि नोव्हेंबरमध्ये लिलावांचा आठवडा असतो आणि आधी दोन-तीन दिवस सगळा माल बघायला ठेवतात. तिकीट नाही, कोणीही जाऊ शकतं. मी पहिल्यांदा गेले ती निव्वळ फुकट कॉफीसाठी, हे कबूल करते.

काउंटरवर बसायचं, यादीतला नंबर सांगायचा, की हातमोजे घातलेली मुलगी ट्रेमध्ये ते घड्याळ घेऊन येते. हातात देतात! लाखभर फ्रँकचं घड्याळ मनगटावर ठेवून बघितलं मी. खूप छोटं वाटलं, खरं सांगते. आताच्या घड्याळांपुढे जुनी घड्याळं अगदी बिस्किटाएवढी. शेजारी एक आजोबा घड्याळ कानाशी धरून डोळे मिटून बसले होते, पाच मिनिटं. विकत घेणारे नसावेत, कोटाची बाही विरलेली होती. पण सांगता येत नाही इथे.

दीडशे कोटींचं होतं ते मात्र काचेत. तिथे सगळे मोबाइल काढून उभे, लालबागच्या रांगेसारखे.

चावीवाला, तुम्ही 'हात न लागलेलं' म्हणालात ना, तिथले लोक तबकडीपेक्षा आधी केसच्या कडा बघतात. पॉलिश करून करून कडा गोल झाल्या की चेहरा पडतो त्यांचा. एकानं मला घड्याळ तिरकं धरून दाखवलं. पंख्याच्या पात्यासारखी धार हवी म्हणे.

चावीवाला

@रेणुका_जि, धन्यवाद ताई, हे आतलं वर्णन कुठे वाचायला मिळत नाही. आणि आमच्या केसच्या कडांबद्दल बोलायला नको. साबणाची वडी झालीय.

मटन_स्ट्रीट

आता खरं बोलू का? परदेशी संग्राहकांमध्ये एक शब्द आहे, 'मुंबई स्पेशल'. शिवीसारखा वापरतात. जुनं कुठलंतरी स्विस मशीन, रंगवलेली तबकडी, त्यावर फाव्र-ल्यूबा, वेस्ट एंड, कॅमी जे चालेल ते नाव, भलत्याच घड्याळाचे काटे, भगवा नाहीतर पोपटी रंग. फोटोत झकास दिसतं. इंटरनेटवरून गोऱ्या लोकांना विकायचं. ओळखायचं कसं? अक्षरांची कड भिंगाखाली फुटलेली असते, मिनिटांच्या रेघा काट्याशी जुळत नाहीत, आणि तारखेची खिडकी असेल तर तारीख तिच्यात मधोमध बसत नाही.

मी चोर बाजारात वीस वर्षं फिरतोय. ढिगातून अस्सल तबकडीचं एखादं घड्याळ निघायचे दिवस गेले. पूर्वी दुकानदार म्हणायचा, "साब, ये पुराना है, नया डायल वाला ले लो." आता तोच पिवळी पडलेली तबकडी आतल्या डबीत जपून ठेवतो आणि मोबाइलवर परदेशातला भाव दाखवतो.

चावीवाला साहेब, तुमच्या बाबांच्या घड्याळाचं तुम्ही पैसे देऊन मुंबई स्पेशल करून घेतलंत. राग नसावा. हलकेच घ्या.

घड्याळजीचा_मुलगा

एरवी फक्त वाचतो, आज लिहितोच.

माझे वडील चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे. जिल्ह्याचं गाव, एस्टी स्टँडसमोर टपरीएवढं दुकान. त्यांनी शेकड्यांनी तबकड्या रंगवून दिल्या असतील. स्वतः रंगवत नसत, ते काम वेगळ्या माणसाचं. डायल उतरवून कागदाच्या पुडीत बांधायची, वर गिऱ्हाइकाचं नाव, आणि मुंबईला पाठवायची. तिथे जुना रंग द्रावणात काढून टाकत, नवा फवारत, आणि आकडे, रेघा ठशानं उठवत. पंधरा दिवसांनी पुडी परत.

त्यात फसवणूक नव्हती हो. गिऱ्हाईक कोण? शिक्षक, तलाठी, कंडक्टर. घड्याळ एकच. ते पुढे मुलाला द्यायचं, नाहीतर जावयाला. डाग पडलेली तबकडी देणार का जावयाला? तुम्ही आज जिला 'पॅटिना' म्हणून ओवाळताय तिला आमच्याकडे 'सडलेली डायल' म्हणायचे. ओलावा आत गेला, वेळेवर काच बदलली नाही, गंज चढला. वडील चिडायचे असलं घड्याळ आलं की. त्यांच्या लेखी तो निष्काळजीपणाचा पुरावा होता.

आणि रेडियमचं कोणी बोलत नाही. साठच्या आधीच्या बऱ्याच घड्याळांच्या काट्यांवर अंधारात चमकायला रेडियम लावलेलं असायचं. नंतर ट्रिटियम आलं. ते जुनं रेडियम झडून तबकडीवर भुकटी पडते आणि पुढे दुरुस्ती करणाऱ्याच्या नाकात जाते. वडील ते खरवडून काढायचे, तोंडाला रुमाल बांधून. म्हणजे आजच्या भाषेत त्यांनी लाखो रुपयांचा 'ओरिजिनल ल्यूम', म्हणजे तो चमकणारा माल, कचऱ्यात टाकला. टाकला ते बरंच केलं.

@मटन_स्ट्रीट, परदेशात खोटं सांगून विकणारा वेगळा आणि बापाचं घड्याळ नीट करून घेणारा वेगळा. दोघांना एक शिवी देऊ नका.

निवांत_पेठकर

+१. पॉपकॉर्न खाली ठेवले.

मटन_स्ट्रीट

@घड्याळजीचा_मुलगा, मान्य. शब्द मागे घेतो. विकताना खोटं बोललं तरच मुंबई स्पेशल.

काटेकोर

त्या व्याख्येनं मग जिनिव्हा स्पेशलही आहे बरं का. नोव्हेंबर २०२१, तीच फिलिप्स. ओमेगा स्पीडमास्टर २९१५-१, १९५७ मध्ये आलेलं मॉडेल, चावीवालांनी सांगितली तशी तपकिरी झालेली 'ट्रॉपिकल' तबकडी. अंदाज होता ८० हजार ते १ लाख २० हजार फ्रँक. गेलं ३१ लाख १५ हजार ५०० ला. घेतलं कोणी? खुद्द ओमेगाच्या म्युझियमनं. आणि २०२३ मध्ये कंपनीनंच सांगितलं की घड्याळ निरनिराळ्या भागांची जुळवाजुळव करून बनवलेलं होतं आणि त्यात कंपनीतल्याच तीन माजी माणसांचा हात होता.

विकत घेणारी कंपनीच, बनवणारीही कंपनीच, आणि पारख चुकली तीही तिचीच. चोर बाजारातला माणूस निदान डोळ्यात बघून खोटं बोलतो.

शून्य_शिल्लक

हा हा. हे मला माहीत नव्हतं. मग अस्सलपणा ठरवतो कोण? जो विकतो तोच?

मोडीवाचक

कागद ठरवतो. पाटेकच्या दप्तरात प्रत्येक घड्याळाची नोंद आहे. मशीनचा नंबर, केसचा नंबर, कधी बनलं, कधी विकलं. पैसे भरले की उतारा मिळतो. सातबारासारखंच. पण सातबारा जमिनीचा मालक सांगतो, बांध कोणी सरकवला ते सांगत नाही. तसंच हे. घड्याळ १९४४ चं आहे हे कळतं, तबकडी मागच्या वर्षी बदलली का ते उताऱ्यात नसतं.

म्हणून दोन गोष्टींना सोन्याहून भाव येतो. एकाच घरात राहिलेलं घड्याळ, आणि जुना फोटो. न्यूमनच्या घड्याळाचं तेच झालं. पाठीवर बायकोनं कोरून घेतलेलं, गाडी जपून चालव. ते त्यानं १९८४ मध्ये मुलीच्या मित्राला देऊन टाकलं, कारण त्या पोराकडे वेळ बघायला घड्याळ नव्हतं. घेतलं तेव्हा किंमत तीनशे डॉलरच्या आत. आणि ज्या तबकडीला आज त्याच्या नावानं ओळखतात ती तेव्हा दुकानात पडून राहायची, कोणी घेत नसे. ऐंशीच्या दशकात इटलीतले हौशी तिच्या मागे लागले आणि चित्र पालटलं.

अवांतर: आपल्या भागाशी जोडलेली घड्याळं अजून स्वस्त आहेत. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८६ मध्ये मुंबईतच सुरू झाली, मशीन स्विस. त्यांचं 'सोवार' म्हणजे आपला स्वार. जेगर-लकूल्त्रचं रिव्हर्सो, काच आत वळवायची सोय असलेलं, तेही इथल्या पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश साहेबांच्या काचा फुटायच्या म्हणून निघालं, १९३१ चं पेटंट. रिव्हर्सो आपल्या आवाक्याबाहेर गेलं. सोवार अजून नाही. हे मी इथे लिहायला नको होतं.

मी_एचएमटीवाली

आणि एचएमटी? जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळुरात १९६१ मध्ये सुरू झालेला कारखाना. बंद होणार म्हणून कळल्यावर लोक 'जनता' आणि 'पायलट' या मॉडेलांवर तुटून पडले. माझ्याकडे आईची एचएमटी आहे. कोणी करोड दिले तरी... नाही, करोड दिले तर देईन. खोटं कशाला बोलू.

घड्याळजीचा_मुलगा

@चावीवाला, एक काम करा. मागचं झाकण जाणकार माणसाकडून उघडून घ्या आणि झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगानं बघा. घड्याळ दुरुस्तीला आलं की आम्ही तिथे सुईनं बारीक खूण करतो. तारीख, वहीतला नंबर, कधी आद्याक्षर. पुन्हा आलं तर कधी काय केलं ते कळावं म्हणून. पॉलिशवाल्याचा हात तिथे सहसा पोचत नाही.

चावीवाला

आज उघडून घेतलं. दुकानात स्टुलावर बसून अर्धा तास बघत होतो, घड्याळजींनी दोनदा विचारलं काय शोधताय म्हणून.

पाच खुणा आहेत. दोन पुसट, त्यात फक्त ७४ वाचता येतं. एक ८१, एक ८६, एक माझी, ०८. ८६ च्या वेळी बाबांची बदली रत्नागिरीला होती, म्हणजे ते तिथे कुठेतरी उघडलं गेलंय. आईला विचारलं. ती म्हणाली, तेव्हा समुद्रात पडलं होतं, मांडवीच्या जेट्टीवरून, आणि मला सांगू नकोस म्हणाले होते. बाराशी जो डाग होता तो तेव्हाचा असणार.

८६ च्या खाली 'न' सारखं काहीतरी आणि ३१२ असा आकडा आहे. कोणाला ओळखू येतंय का?

घड्याळजीचा_मुलगा

३१२ हा वहीतला नंबर असणार. अक्षराचा फोटो टाका. फ्लॅश नको, टॉर्च बाजूनं तिरका धरा.